हडंब्याच्या तोंडाशी

ऑक्टोबर उजाडला की मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनच्या गंजींवर ताडपत्र्या दिसू लागतात. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, भावाचा तर त्याहून नसतो, आणि गावात मळणी यंत्रे मोजकीच असतात. ज्याच्या वावरात यंत्र आले त्याने मिळालेल्या वेळेत काम उरकायचे, मग ती भर दुपार असो की रात्रीचे अकरा. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या या यंत्राला कुठे थ्रेशर म्हणतात, कुठे मळणी मशीन, कुठे हडंबा. दोघी-तिघी गंजीवरून सोयाबीन ओढून देतात, एकजण यंत्राच्या तोंडाशी उभा राहून ते आत लोटतो, खाली एकजण पोते धरून बसतो. धूळ इतकी उडते की सगळ्यांचे चेहरे बांधलेले असतात, आणि आवाज इतका असतो की शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही.

याच दिवसांत वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर चार ओळींची बातमी येते. मळणी यंत्रात अडकून मजुराचा हात तुटला, किंवा स्कार्फ गुंडाळला गेल्याने महिलेचा मृत्यू. गव्हा-हरभऱ्याच्या सुगीत, मार्च-एप्रिलला, तशीच बातमी पुन्हा येते. बातमीत अपघाताचे कारण एका शब्दात दिलेले असते: निष्काळजीपणा, नाहीतर तोल जाणे. या प्रकरणात ते कारण तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. यांतले बहुतेक अपघात त्या क्षणी घडत नाहीत. यंत्र घडवताना, विकताना आणि कामाचा दर ठरवताना ते घडून गेलेले असतात. हात जाणारा माणूस फक्त शेवटी तिथे उभा असतो.

मळणी पूर्वी खळ्यावर व्हायची. मध्ये तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवायची, कणसे तुडवली जायची, मग वारा बघून उपणायचे. काम आठवडेच्या आठवडे चाले. बैलाचा पाय पडून कुणी जखमी होत नसे असे नाही. पण बैल हाकेला थांबत. साठच्या दशकाच्या अखेरीस बुटक्या गव्हाच्या जाती पंजाब-हरियाणात पसरल्या, पीक दुपटीने येऊ लागले आणि इतके पीक बैलांच्या पायांखाली मळून संपेना. शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे तेव्हा झपाट्याने आली. त्यांतली कित्येक गावोगावच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एकमेकांची पाहून बनवलेली होती. दाणे किती निघतात आणि भुसा किती बारीक होतो हे गिऱ्हाईक बघत असे. तोंडाची लांबी कुणी बघत नसे. सत्तरच्या दशकात उत्तर भारतात दर रब्बीला हात गमावलेले मजूर रुग्णालयात येऊ लागले, आणि हा प्रश्न संसदेपर्यंत पोहोचला. त्याकडे पुढे येऊ.

आधी यंत्राच्या पोटात काय होते ते पाहू. आत एक ढोल फिरतो. त्यावर खिळे, दांडे किंवा पाती बसवलेली असतात. गहू मळताना ढोलाच्या कडेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या वर जातो. सोयाबीनची डाळ होऊ नये म्हणून तो बराच कमी ठेवतात, तरी तो सेकंदाला दहा मीटरच्या आसपास असतो. काहीतरी बिघडले हे डोळ्यांना किंवा त्वचेला कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात ढोलाची कड अडीच मीटर पुढे गेलेली असते. हात सावधपणे मागे घेता येईल, ही कल्पनाच या वेगापुढे टिकत नाही.

त्यातही हात थेट ढोलाला क्वचितच लागतो. सोयाबीनचे झाड फांद्याफांद्यांचे, शेंगांनी गुंतलेले. सकाळचे दव असले किंवा पाऊस पडून गेलेला असला तर काड ओले आणि चिवट होते. ओले काड आत जाताना अडते, तोंडाशी चोंदते, आणि माणूस ते हाताने रेटतो. ढोलाने ते एकदम ओढले की बोटांभोवती, मनगटाभोवती गुंतलेल्या फांद्या हातालाही सोबत नेतात. फळीवर उभा असलेला माणूस पुढे झुकलेला असतो, पायांखाली निसरडा भुसा असतो, धरायला काही नसते. म्हणून हात बोटांपुरता जात नाही. कोपरापर्यंत जातो, कधी खांद्यापर्यंत.

यावर उपाय सापडायला फार संशोधन लागले नाही. भारतीय मानकांत माल लोटायच्या पत्र्याच्या पन्हळीची मापे दिलेली आहेत: पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब हवी, आणि ढोलाच्या बाजूचा तिचा निदान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. आपल्याकडच्या माणसाचे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ४५ सेंटिमीटरच्या आगेमागे असते, आणि खांद्यापासून धरला तरी हात ९० सेंटिमीटर भरत नाही. म्हणजे तोल गेला, काडाने ओढले, लक्ष दुसरीकडे गेले, तरी हात ढोलापर्यंत पोहोचू नये इतके अंतर पत्र्याने आधीच राखलेले असते. माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. ४५ सेंटिमीटर पत्र्याचे झाकण कुठलाही वेल्डिंगवाला तासाभरात बसवून देईल.

तरी गावांत फिरताना आखूड, उघडी, नाहीतर मुद्दाम कापलेली पन्हळ दिसते. कारण उघड आहे. झाकलेल्या पन्हळीतून माल सावकाश जातो, जरा जास्त घेतला की अडतो. मळणीचा दर पोत्यामागे किंवा क्विंटलमागे ठरलेला. यंत्रवाल्याला दिवसात चार वावरे गाठायची असतात, शेतकऱ्याला ढगांची भीती असते, आणि मजूर उक्ते घेतलेले असले तर त्यांनाही लवकर सुटायचे असते. सगळ्यांचा फायदा झाकण काढण्यात दिसतो, आणि झाकण काढल्याची किंमत मात्र एकाच माणसाला भरावी लागते.

ढोलाइतकेच धोक्याचे दुसरे ठिकाण म्हणजे ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यामधला शाफ्ट. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओला जोडलेला हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याचा घेर पाव मीटर धरला तर एका सेकंदात त्याच्यावर सव्वादोन मीटर कापड गुंडाळले जाते. पदर एवढा लांब नसतोच. म्हणून ‘पदर ओढून घ्यायला हवा होता’ असे म्हणण्यात अर्थ नाही. ओढण्याइतका वेळ मिळत नाही. शाफ्टवर प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे नळकांडे असायला हवे. ते नवे असताना असते, एका हंगामात फुटते, आणि पुन्हा बसवले जात नाही. जॉइंटच्या बाहेर आलेल्या एखाद्या बोल्टला, नाहीतर पिन म्हणून अडकवलेल्या खिळ्याला कापडाचा धागा अडकतो, आणि तिथून सुरुवात होते.

बायांच्या कपड्यांवर फार बोलले जाते, म्हणून त्याबद्दलही लिहायला हवे. आपल्याकडे शेतात काम करणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, पदर खोचतात, डोक्याला आणि तोंडाला रुमाल किंवा स्कार्फ गच्च बांधतात. काट्यांपासून, उन्हापासून आणि धुळीपासून वाचायला त्यांनी स्वतः शोधलेला हा गणवेश आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. त्यातल्या दोनच गोष्टी यंत्राजवळ घातक ठरतात, स्कार्फची मोकळी टोके आणि ढिल्या बाह्या. टोके शर्टात खोचायची, बाह्या गुंडाळायच्या किंवा बटण लावायचे, वेणी वर बांधायची. हे सांगायलाच हवे. पण ते सांगितले म्हणजे शाफ्ट उघडा ठेवायची मोकळीक मिळत नाही.

मळणी यंत्र निदान वर्षातून काही दिवस येते. कडबा कुट्टी यंत्र दावणीजवळ कायमचे असते. पश्चिम महाराष्ट्रात दुधाचा धंदा वाढला, गोठ्यात दोनाच्या चार जनावरे झाली, आणि विळीवर किंवा कोयत्याने चारा तोडून पुरेना. यांत्रिकीकरणाच्या अनुदानातूनही घरोघर कुट्टी यंत्रे आली. दोन-तीन अश्वशक्तीची मोटार, दोन दातेरी रूळ आणि जड चाकावर बसवलेली पाती, एवढेच ते यंत्र. उसाचे वाढे, मका, हत्तीगवत, ज्वारीचा कडबा रुळांच्या तोंडाशी द्यायचा. रूळ तो पकडून पात्यांपुढे सरकवतात.

धोका रुळांत आहे. ते सावकाश फिरतात, म्हणून निरुपद्रवी वाटतात. पण पकडलेली वस्तू सोडायची नाही, हेच त्यांचे काम आहे. मूठभर चाऱ्याचा शेवटचा आखूड तुकडा रुळांत जात नाही, तेव्हा तो तळहाताने पुढे ढकलला जातो, आणि त्या तुकड्यासोबत बोटे जातात. मोटारीचे बटण बंद केले तरी जड चाकात साठलेला वेग पाती आणखी काही काळ फिरवत ठेवतो. शिवाय बटण बहुधा भिंतीवर असते, यंत्रापासून चार पावलांवर. एक हात अडकलेल्या बाईला ते गाठता येत नाही. आणि दूध काढायच्या आधीच्या घाईत, पहाटे किंवा संध्याकाळी, ती गोठ्यात बहुतेक वेळा एकटीच असते.

या यंत्रांवर आयआयटी दिल्लीच्या दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी महत्त्वाचे काम केले. हरियाणातल्या खेड्यांत शेतीकामातल्या इजांच्या नोंदी घेताना त्यांच्या ध्यानात आले की चारा कापायच्या यंत्रांनी, अगदी हाताने फिरवायच्या यंत्रांनीसुद्धा, लहान मुलांची बोटे जातात. मुले चाकाशी खेळतात, एक फिरवते, दुसऱ्याचा हात तोंडाशी असतो. पोराला दटावून हे थांबणार नव्हते, म्हणून त्यांनी यंत्रात काय बदल करता येतील ते पाहिले. दिनेश मोहन रस्ते अपघातांवरच्या कामासाठी जास्त ओळखले जातात, २०२१ मध्ये ते गेले. पण रस्त्यावर असो की गोठ्यात, जखमी झालेल्याला दोष देऊन अपघात कमी होत नाहीत, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती.

कुट्टी यंत्रासाठीचे उपाय साधे आहेत. मुख्य रुळांच्या थोडे अलीकडे एक मोकळा फिरणारा हलका रूळ बसवायचा; हात तिथवर गेला की बोटांना तो आधी लागतो आणि पुढे धोका आहे हे न बघता कळते. पात्यांवर झाकण आणि काम नसताना चाक अडकवून ठेवायला खीळ, जेणेकरून मुलांना ते फिरवताच येणार नाही. मोठ्या यंत्रांत रूळ थांबवायचा किंवा उलटा फिरवायचा दांडा असतो. तो काम करणाऱ्याच्या हाताजवळ आणि सैल चालणारा हवा. गंजून अडकलेला दांडा असून नसल्यासारखा. बटण यंत्रालाच लावायला हवे. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे, म्हणून विकत घेतानाच हे मागावे. यंत्रावर मानकाचे चिन्ह आहे का, हेही तेव्हाच बघावे. घरी आणल्यावर कुणी बघत नाही.

गुऱ्हाळातला चरक याच जातीचा, फक्त त्याची ताकद कितीतरी अधिक. कोल्हापूरकडे हंगामात गुऱ्हाळ दिवसरात्र चालते, काहिली उतरायच्या आत पुढचा रस तयार लागतो. चरकात ऊस घालणारा माणूस तासन्‌तास एकाच हालचालीत असतो: मोळीतून ऊस उचल, रुळांत दे, पुन्हा उचल. पहाटे तीन-चारच्या सुमाराला डोळा लागतो. लोखंडी रुळांची दातेरी फट उसाचा रस काढण्यासाठी आहे, म्हणजे तिच्यात गेलेले काहीही शेवटपर्यंत दाबले जाते. बैलांवर चालणाऱ्या जुन्या चरकातही बोटे सापडत. पण किंकाळीसरशी बैल थबकत आणि जू उलटे फिरवून हात काढता येई. मोटारीला किंकाळी ऐकू येत नाही. रस्त्यावरच्या रसवंतीतही हेच चालते, आणि तिथे चरकापाशी बऱ्याचदा कोवळे पोर असते.

पिठाच्या गिरणीचा पट्टा, हळद पॉलिश करायचे पिंप, शेंगा फोडायचे यंत्र, भाताची गिरणी, यांचे धोके वेगळे सांगायची गरज नाही. फिरता पट्टा पुलीवर जिथे चढतो ती जागा उघडी, आणि यंत्र चालू ठेवून केलेली सफाई, या दोनच गोष्टी त्या सगळ्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. चोंदलेले यंत्र मोकळे करताना मोटार बंद करणे पुरेसे नाही, कारण कुणीतरी नकळत ती चालू करतो, किंवा गेलेली वीज अचानक येते. फ्यूज काढून खिशात ठेवावा. ट्रॅक्टर असेल तर बंद करून किल्ली, जो माणूस हात आत घालणार आहे त्याच्याच खिशात हवी.

आता कायद्याकडे. या प्रश्नाला महाराष्ट्रात लोकांच्या आठवणीपेक्षा जुना इतिहास आहे. कापूस लोढायच्या जिनिंग कारखान्यांत शेतमाल पहिल्यांदा वाफेच्या यंत्राशी जोडला गेला, आणि १८८० च्या दशकात मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांमधल्या कामाचे अमानुष तास उघड झाले. त्याच कमिशनसाठी १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारच्या सुट्टीची त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज करावी. भारतात नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तो १९२३ मध्ये आला.

१९४८ च्या कारखाने कायद्यात, जो २०२५ पर्यंत लागू होता, तर आपल्या विषयाची जवळजवळ प्रत्येक गोष्ट होती. यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण हवे. चालू यंत्राजवळ तेल घालणे किंवा पट्टा बघणे हे काम शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावे, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. पदराचा आणि ढिल्या बाह्यांचा प्रश्न कायद्याला पंचाहत्तर वर्षांपूर्वी कळला होता, आणि त्याची जबाबदारी मालकाकडे दिली गेली होती. कापूस दाबायच्या कारखान्यात कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र चालू असेल त्या भागात बायकांना आणि मुलांना काम देऊ नये, असेही एक स्वतंत्र कलम होते. पण हा कायदा लागू व्हायला आधी कारखाना असावा लागे. वावरात उभा असलेला हडंबा कारखान्यात मोडत नव्हता. गोठा तर नाहीच.

ही पोकळी भरण्यासाठी संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. कायद्याच्या नावात कुठेही शेती नाही, पण तो मुख्यतः मळणी यंत्रासाठी झाला. बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने परवाना घ्यावा, यंत्र मानकाप्रमाणे असावे, ते कसे वापरायचे याची माहिती सोबत द्यावी, आणि काम करताना मजूर मेला किंवा जखमी झाला तर भरपाई द्यावी, अशी त्याची रचना आहे. कायदा चांगला आहे. त्याची अंमलबजावणी गावपातळीवर किती पोहोचली हे वाचकाला सहज तपासता येईल: येत्या सुगीत आपल्या वावरात यंत्र घेऊन येणाऱ्याला या कायद्याचे नाव विचारावे.

भरपाईचा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त पैसा बुडतो, आणि तो गरिबाचा बुडतो. १९२३ चा कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, तो फक्त कारखान्यातल्या माणसासाठी आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. ट्रॅक्टरने किंवा विजेवर आणि इतर शक्तीवर चालणाऱ्या यंत्राने शेतीचे काम करणारा मजूर त्याच्या यादीत स्पष्ट नमूद आहे. रोजंदारीचा किंवा तात्पुरता मजूर म्हणून त्याला वगळायची जुनी पळवाट २००० च्या दुरुस्तीने बंद झाली.

रक्कम कशी निघते? कायद्यात कोणता अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्के गेली हे ठरवलेले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, पूर्ण पंजा गेला तर ६०, खांद्यातून हात गेला तर ९०. समजा तीस वर्षांच्या एका मजूर बाईचा पंजा मळणी यंत्रात गेला आणि तिची महिन्याची मजुरी ९,००० रुपये धरली. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ५,४००. तिशीच्या वयाचा कायद्यातला गुणांक २०७.९८. गुणाकार होतो सुमारे ११ लाख २३ हजार, आणि त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ६ लाख ७४ हजार रुपये. गावात या प्रकरणाचा निकाल बहुधा दवाखान्याचा खर्च आणि वर काही हजारांवर लागतो.

आणखी एक गोष्ट मालकाला आणि मजुराला दोघांनाही माहीत नसते. ‘तिचीच चूक होती’ हा बचाव या कायद्यात चालत नाही. दारूच्या अंमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा संरक्षक झाकण स्वतः मुद्दाम काढणे, एवढीच कारणे मालकाला सोडवू शकतात. आणि मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तर तीही नाही. साध्या बेसावधपणाने भरपाईचा हक्क जात नाही. १९२३ साली कायदा करणाऱ्यांना जे उमगले होते ते आपल्या बातम्यांना अजून उमगलेले नाही.

सरकारी मदतीची दुसरी वाट म्हणजे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. ही मदत सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका व्यक्तीला मिळते. यंत्राच्या तोंडाशी उभी असणारी भूमिहीन बाई या योजनेच्या बाहेर राहते. ज्याची जमीन आहे त्याला अपघाताची मदत मिळते आणि जिला हातांशिवाय दुसरी मालमत्ता नाही तिला मिळत नाही, हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते बदलायला हवे. तोवर तिच्यासाठी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात, वय १८ ते ७० असावे लागते, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख आणि मृत्यू झाला तर २ लाख मिळतात. बचत गटाच्या बैठकीत एकदा सगळ्यांची खाती तपासली तर हे काम एका दुपारी होते. विम्याचे पैसे मिळाले म्हणून मालकाकडच्या भरपाईचा हक्क संपत नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे.

अपघात झालाच तर पहिल्या काही मिनिटांवर पुष्कळ अवलंबून असते. आधी यंत्र बंद करायचे आणि ते पुन्हा सुरू होणार नाही याची खात्री करायची. अडकलेला हात सोडवायला मोटार उलटी फिरवू नये. चाक किंवा पुली हाताने, सावकाश मागे फिरवावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. तरी रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद कापडाची पट्टी आवळून बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दोरी किंवा तार वापरू नये. हळद, माती, चुना, शेण यांतले काही जखमेत भरू नये. वावरातल्या मातीने धनुर्वाताचा धोका असतोच, त्याचे इंजेक्शन घ्यावेच लागते.

तुटलेला भाग फेकू नये आणि थेट बर्फातही टाकू नये. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फाने पेशी गोठून मरतात आणि मग जोडण्यासारखे काही उरत नाही. बोटे थंड ठेवली तर काही तास जास्त टिकतात. पण मनगटाच्या वरचा भाग, ज्यात स्नायू असतात, तो साधारण सहा तासांत जोडला जावा लागतो. १०८ ला फोन करतानाच हात तुटल्याचे सांगावे, म्हणजे कुठल्या रुग्णालयात न्यायचे हे आधी ठरते. मळणी यंत्रात आणि चरकात हात बहुधा चिरडला जातो, स्वच्छ कापला जात नाही, म्हणून कितीही वेळेत पोहोचले तरी तो जोडता येईलच असे नाही. तो प्रयत्न करून बघायचा की नाही हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्यावे.

रुग्णालयात कागदावर ‘शेतात पडल्याने’ असे लिहून घेतले जाते, कधी मालकाच्या विनंतीवरून, कधी पोलिसांची भानगड नको म्हणून. तसे होऊ देऊ नका. कोणत्या यंत्रात, कोणाच्या वावरात, कोणाच्या कामावर असताना इजा झाली, हे पहिल्याच कागदावर यायला हवे. पंचनामा करून घ्या, यंत्राचे आणि त्याच्या तोंडाचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी झाकण बसवलेले असते. शेतमालक यंत्रवाल्याकडे बोट दाखवतो आणि यंत्रवाला शेतमालकाकडे. दावा करताना दोघांचीही नावे घाला. दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत धरून चला, पण तोवर थांबू नका.

आणि ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना एकच विनंती. येत्या सुगीआधी टेप घ्या आणि पन्हळ मोजा. ती ९०० मिलिमीटर भरली नाही, किंवा तिच्यावरचे झाकण ४५० मिलिमीटरपेक्षा कमी निघाले, तर पत्रा जोडून घ्या. शाफ्टवर नळकांडे नसेल तर ते बसवा. हे होईपर्यंत यंत्र कुणाच्या वावरात नेऊ नका.